बोर्डावरचा डावा गुडघा

"मनगट आहे ते, बैलाचा खूर नव्हे," क्षीरसागर म्हणाले.

"म्या कुठं म्हनलं खूर हाय?" बापू मुळीकांनी बशी खाली ठेवली. "म्या म्हनलं, सूज वर चढाय लागली तर दुखनं नवं, आन खाली उतराय लागली तर जुनं. मग जनावर असू दे न्हायतर मानूस. नसरीनची सूज वर चढतीया. म्हंजे कालचंच हाय. पोतनीसबाई, लिवा. उजवं मनगट, लचक, चार दिस."

"चार कशावरून? मासिकात स्पष्ट दिलंय, लिगामेंट असेल तर किमान दहा दिवस."

"मासिकवाल्यानं नसरीनचा हात बघितलाय का?"

मी खडू घेऊन उभी होते. पंधरा मिनिटं झाली होती, आणि मुल्ला या आडनावापुढे मी अजून फक्त 'उजवं मनगट' एवढंच लिहू शकले होते. जिचं मनगट ती नसरीन मुल्ला मघाच सायकलवरून घरी गेली होती. जाताना ती म्हणाली होती, "तुमचं ठरलं की मला पण सांगा, किती दुखतंय ते."

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतली. कराडला आमच्या कॉलेजच्या जिमखान्यामागे बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान होतं, त्याच्या एका अंगाला दगडी कठडा आणि कठड्याच्या टोकाला शेटेमामांचं कॅन्टीन. कॅन्टीनच्या भिंतीवर एक जुना फळा टांगलेला होता. पूर्वी मामा त्यावर 'आज मिसळ' असं लिहायचे. पण मिसळ रोजच असायची, त्यामुळे लिहिण्याचं कारण उरलं नाही आणि फळा कठड्यावरच्या मंडळींनी ताब्यात घेतला. सराव संपला की रोज संध्याकाळी त्यावर मुलींच्या संघातल्या बारा जणींची नावं आणि कुणाचं काय दुखतंय ते लिहिलं जायचं. सगळे त्याला बोर्ड म्हणायचे. मुलांच्या संघासाठी असा बोर्ड नव्हता. ती मुलं ठणठणीत असतानाही हरायची, मग त्यांच्या दुखण्याची चौकशी कोण करणार?

कठड्यावर दहा-बारा जण नेमाने बसत, पण बोलणारे दोघेच. बापू मुळीक गुरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले. जन्मात कधी चेंडूला हात लावला नव्हता, पण तीस वर्षं लंगडी जनावरं बघितल्यामुळे दुखापतीत आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांचं मत होतं. क्षीरसागर आमच्याच ग्रंथालयात कारकून. खेळाची मासिकं विद्यार्थ्यांच्या हाती पडायच्या आधी ते वाचून काढत आणि त्यातले शब्द बापूंच्या तोंडावर फेकत. दोघांचं एका गोष्टीवरही एकमत होत नसे. एकमेकांशिवाय चहाही घेत नसत.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिल्या वर्षी दोन महिने संघातही होते. चेंडू अंगावर आला की मी डोळे मिटते, हे आमच्या देशमाने सरांच्या ध्यानात यायला दोन महिने लागले. संघ सुटला, मैदान काही सुटेना. माझं अक्षर बरं, म्हणून खडू माझ्याकडे आला. घरी आई विचारायची, रोज संध्याकाळी कॉलेजात काय करतेस? मी सांगायचे, लेखन.

बोर्डाचा एक नियम होता आणि तो बापूंनी घातला होता. ऐकीव काही लिहायचं नाही. ज्यानं डोळ्यांनी बघितलंय त्यानं सांगायचं, मग बाकीच्यांनी हात वर करायचे, आणि निम्म्याहून जास्त हात वर झाले तरच मी लिहायचं. आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर परीक्षेची तारीखसुद्धा चुकायची, पण शेटेमामांच्या बोर्डावर कुणाचा अंगठा चुकला नाही. आम्हाला त्याचा भारी तोरा होता. कितीदा तरी देशमाने सरच येऊन बोर्ड वाचत आणि उद्या कुणाला खेळवायचं ते ठरवत.

त्या दिवशी मनगटाचं शेवटी 'लचक, पाच दिवस' असं मिटलं. पाच हा आकडा कुणाचाच नव्हता, म्हणून दोघांनाही चालला.

यादीत सगळ्यात वरचं नाव कर्णधाराचं. इंदुमती शेवाळे. त्याच्यापुढे एकच शब्द असायचा, 'ठणठणीत'. ती ओळ मी जुलैपासून पुसलीच नव्हती. खालची नावं बदलत, दुखणी येत-जात, ती ओळ तशीच. इंदू नदीपलीकडच्या गावची, पावणेसहा फूट उंच, शेवटच्या वर्षाला. ती मैदानात उतरली की समोरचा संघ तिच्यावर एकदम दोघी सोडायचा. एकीनं ती आवरतच नसे. गेल्या वर्षी तिची विद्यापीठाच्या संघात निवड ठरल्यासारखीच होती, पण निवडीच्या नेमक्या त्या दिवशी थोरल्या भावाचं लग्न निघालं. मुहूर्त हलेना, आणि करवली म्हणून हिला उभं राहावं लागलं. त्या लग्नाच्या फोटोत दिसते एवढी रागावलेली करवली मी दुसऱ्या कुठल्या लग्नात बघितली नाही. यंदा तिची शेवटची संधी. निवड समितीचे फडतरे सर अंतिम सामना बघून तिथेच नावं वाचणार होते.

आणि यंदाच्या विभागीय स्पर्धा आमच्याकडे होत्या. आठ कॉलेजांच्या मुली आमच्या वसतिगृहात उतरल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी सांगलीच्या संघाशी उपांत्य सामना झाला. सुरुवातीपासून काहीतरी विचित्र चाललं होतं. सांगलीच्या मुली नसरीनला डावीकडे जाऊच देईनात. ती वळली की आडव्या, थांबली की आडव्या. तिला प्रत्येक वेळी चेंडू उजव्या हातात घ्यायला लावायच्या आणि घेतला की त्याच हातावर थाप. पंचांनी दोनदा फाउल दिला, पण बाकीच्या दहा वेळा खेळ चालूच राहिला. हाफ टाइमला नसरीन आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो, तोही इंदूनं शेवटच्या पाच मिनिटांत एकटीनं ओढून नेला म्हणून.

सामन्यानंतर मी पाण्याच्या टाकीवर हात धूत होते. शेजारी सांगलीची एक मुलगी तोंडावर पाणी मारत होती. ती म्हणाली, "तुमच्या कॅन्टीनच्या बोर्डावर कुणाचं अक्षर आहे गं? छान आहे."

"माझं," मी खुशीत येऊन म्हणाले.

"लांबूनसुद्धा वाचता येतं. आम्ही आल्या दिवसापासून चहाला गेलो की तोच वाचतोय. आमच्या सरांनी तर वहीत उतरून घेतलं. कोल्हापूरच्या सरांनी पण." आणि माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

खरंच नव्हतं. चार वर्षं तो बोर्ड फक्त आमचीच माणसं वाचत होती. यंदा पाहुणे येणार, पाहुण्यांना चहा लागणार, चहा पिताना ते समोरच्या भिंतीकडे बघणार, एवढी साधी गोष्ट कठड्यावरच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती. नसरीनच्या मनगटावर मारलेली प्रत्येक थाप मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती.

मी तशीच धावत कॅन्टीनकडे गेले. दुपार होती, सगळे जेवायला गेले होते. मामांच्या मोरीतलं ओलं फडकं उचललं आणि बोर्डाला लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करतीस?"

इंदू मागच्या बाकावर एकटीच बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले. नसरीनला काय तोंड दाखवू, असंही म्हणाले. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, पण रडू नको वगैरे काही म्हणाली नाही. तिची नजर बोर्डावर होती.

"कोल्हापूरच्या सरांनी बी उतरून घेतलं?"

"हो."

"रोज बघत्यात?"

"रोज. चहा सहाला. म्हणून तर पुसतेय."

"पुसू नको," ती म्हणाली. मग तिनं इकडेतिकडे बघितलं आणि ट्रॅकपँटचा डावा पाय वर सरकवला.

मी बोर्डावर दुखणी लिहिणारी बाई. सुजलेले घोटे, काळीनिळी बोटं, सोललेली कोपरं सगळं बघितलेलं. पण असा गुडघा बघितला नव्हता. गुडघ्याची वाटी दिसतच नव्हती. आतल्या बाजूला मुठीएवढी सूज होती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. डाक्टर म्हनला, खेळू नको. उडी मारून खाली आलं की आतनं कळ येती ती पार डोक्यापतूर." तिनं पँट खाली ओढली. "आज शेवटच्या पाच मिनटात जे काय व्हतं ते संपलं. उद्या मला पळता यायचं न्हाई, कालिंदी."

"सरांना सांगू या."

"सरांना मी सांगते. तू बोर्डावर लिही. डावा गुडघा. जेवढं हाय तेवढं लिही."

"अगं, फडतरे सर तिथंच चहा घेतात," मी म्हणाले. "त्यांनी वाचलं तर तुझी निवड गेली. गुडघा गेलेली मुलगी कोण घेईल विद्यापीठाच्या संघात?"

"ठाऊक हाय मला."

"मग कशाला?"

"नसरीनचं खरं लिहिता, माझं का न्हाई?" एवढं म्हणून ती उठली आणि वसतिगृहाकडे गेली. चालताना तिचा पाय जराही चुकला नाही. दोन महिने ती तसंच चालत होती, आणि चालताना किती दुखत असेल हे मला त्या दिवशी कळलं.

चार वाजता मी कठड्यावरची मंडळी लवकर गोळा केली. आधी सांगलीच्या मुलीचं बोलणं सांगितलं. शेटेमामा म्हणाले, "आन मी वर त्यास्नी खारी दिली, पाव्हनं म्हनून."

क्षीरसागरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आपणच नसरीनला..." मग एकदम सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणालं बोर्ड फोडा. कुणी म्हणालं, आता मुद्दाम खोटं लिहा, नसरीनचं डावं मनगट लिहा, बसू देत कोल्हापूरवाले चुकीच्या हाताला धरून.

"खोटं लिवायचं न्हाई," बापू म्हणाले. "बोर्ड पुसून टाका. पर खोटं न्हाई."

तेव्हा मी म्हणाले, "एक खरं लिहायचंय. शेवाळे. डावा गुडघा."

क्षीरसागर हसले. "कुणी सांगितलं? ठणठणीत आहे ती. सकाळी बघितलं नाहीस?"

"मी डोळ्यांनी बघितलाय गुडघा. तिनंच दाखवला, आणि तिनंच लिहायला सांगितलंय. दिवाळीपासून आहे."

"अशक्य. दिवाळीपासून असतं तर आपल्याला दिसलं नसतं? आपण काय इथं माश्या मारायला बसतो? बापू, तुम्ही सांगा हिला."

बापू कोपरीच्या खिशात उगीचच काहीतरी शोधत राहिले.

"बापू?"

"आतल्या अंगाला हाय," बापू म्हणाले. "सूज. वाटीच्या आतल्या अंगाला."

मी मान डोलावली.

"तुम्हाला कसं ठाऊक?" क्षीरसागरांचा आवाज चिरकला.

"तीस वर्सं दुसरं काय केलं म्या?" बापू म्हणाले. "उजवं पाऊल पडतंय जड आन डावं पडतंय हलकं. तुमास्नी दिसत न्हाई, मला पाठ करून बसलो तरी ऐकू येतंय. दिवाळीनंतर दुसऱ्या दिशीच कळलं."

"आणि तुम्ही रोज हात वर केलात? ठणठणीत म्हणून?"

"केला."

"नियम कुणाचा होता?"

"माजाच." बापूंनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. "गेल्या साली लग्नापायी पोरीची निवड हुकली. औंदा गुडघ्यापायी हुकली असती. म्हनलं, दोन म्हैनं. दोन म्हैनं बोर्ड खोटा पडला तर पडला. एवढा फडतरे लिवून घेऊ दे तिचं नाव, मग आपुन बोर्डाची माफी मागू. आता तुमी मला म्हनताय, लिवा. मी न्हाई हात वर करनार."

क्षीरसागरांना भांडायला एवढा मोठा मुद्दा चार वर्षांत मिळाला नव्हता, पण ते उठले आणि बापूंच्या शेजारी जाऊन बसले.

इंदू कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ती म्हणाली, "बापू, खोटं पडायचं तर मला पडू द्या. बोर्डाला नगा पाडू."

"आगं पन तुजी निवड?"

"निवडीचं मी बघते. तुमी हात वर करा."

आधी शेटेमामांचा हात वर गेला. मग एकेकाचा. क्षीरसागरांचा गेला. बापू मांडीवर हात ठेवून बसून राहिले. निम्म्याहून जास्त हात झाले होते, नियमानं मला लिहिता आलं असतं, पण मी थांबले. इंदूही थांबली. शेवटी बापूंनी हात उचलला, खांद्याएवढाच, आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले. मी जुलैपासूनची ओळ ओल्या फडक्यानं पुसली. ती सहज निघेना, दोनदा घासावी लागली. मग लिहिलं, 'शेवाळे : डावा गुडघा, आतून सूज, दोन महिने. पळणं आणि उडी बंद.'

सहा वाजता कोल्हापूरचे सर आले. जाडजूड, मफलर बांधलेले. त्यांनी चहा घेतला, बोर्ड वाचला, परत वाचला आणि वही काढली. थोड्या वेळानं फडतरे सर आले. त्यांनीही वाचला. त्यांनी वही काढली नाही, नुसतं च्च केलं. ते मला अजून ऐकू येतं.

शनिवारी चार वाजता सामना सुरू झाला. निम्मं कराड लोटलं होतं. इंदू गुडघ्याला पट्टी बांधून उतरली आणि उजव्या बाजूला, बास्केटपासून चांगलं लांब, जाऊन उभी राहिली. नुसती उभी. मी मनात म्हटलं, ही हट्टानं खेळतेय, सरांनी हिला बसवायला हवं होतं.

कोल्हापूरच्या मुलींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या ज्या दोन उंच पोरी तिला चिकटायला ठेवलेल्या, त्या सरळ नसरीनवर गेल्या. नसरीननं दोघींच्या मधून डाव्या हातानं चेंडू इंदूकडे फेकला. इंदूच्या आजूबाजूला दहा पावलं कुणी नव्हतं. तिनं चेंडू घेतला, सावकाश बास्केटकडे बघितलं आणि पाय न उचलता टाकला. जाळीचा आवाज आला. लांबून टाकला म्हणून तीन गुण.

पुन्हा नसरीन, पुन्हा दोघी तिच्यावर, पुन्हा चेंडू इंदूकडे. पुन्हा तीन.

तिसऱ्या वेळी बापूंनी माझं मनगट पकडलं. "आगं आयला," ते हळूच म्हणाले. "पोतनीसबाई, कळलं का तुमास्नी? तिला पळता येत न्हाई. पर उभं राहून टाकता येतंय. कुनी धरलं नसलं तर."

आणि तिला कुणी धरत नव्हतं. तीन वर्षं दोन-दोन पोरी तिच्या अंगाला चिकटलेल्या असायच्या. आज सगळं कोल्हापूर बोर्ड वाचून आलं होतं. खरं वाचून आलं होतं. गुडघा गेला हे खरं होतं, पळणं बंद हेही खरं होतं. तिच्या हातांबद्दल बोर्डावर काही लिहिलेलं नव्हतं. तिच्या हातांना काही झालंच नव्हतं. खोटं न बोलता तिनं पाच जणींना दुसरीकडे बघायला लावलं होतं, आणि त्याची किंमत काय हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.

पहिला अर्धा वेळ मफलरवाल्या सरांनी काहीच बदललं नाही. नशिबानं बास्केट पडतायत, आत्ता पडायच्या थांबतील, आत्ता ती खाली बसेल, असं त्यांना वाटत असणार. हाफ टाइमनंतर त्यांनी एक पोरगी तिच्यावर सोडली. इंदू जागची हलली नाही. उंची होतीच, त्या पोरीच्या डोक्यावरून टाकत राहिली. काही हुकले. बरेचसे पडले. प्रत्येक बास्केटनंतर तिचा डावा पाय थरथरत होता आणि कठड्यावरून मी पहिल्यांदाच ते बघत होते. आजवर ते आमच्यापासून लपवायला ती किती झटली असेल.

शेवटचं एक मिनिट. अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस. मफलरवाले सर ओरडले, "दोघी शेवाळेवर." दोन्ही उंच पोरी नसरीनला सोडून इंदूकडे धावल्या. तोपर्यंत इंदूच्या हातात चेंडू उरलाच नव्हता. तो नसरीनकडे परत गेला होता आणि नसरीनच्या समोर मैदान मोकळं होतं. ती डावीकडून आत शिरली आणि डाव्या हातानंच टाकला. पन्नास-अठ्ठेचाळीस. शिट्टी.

पुढचा गोंधळ मला नीट आठवत नाही. क्षीरसागर आणि बापू एकमेकांना मिठी मारून उभे होते एवढं आठवतं, आणि तरी क्षीरसागर बापूंच्या कानात काहीतरी लिगामेंटबद्दल ओरडत होते.

मफलरवाले सर तावातावानं कठड्याशी आले. "बोर्ड कोण लिहितं तुमचा?"

मी पुढे झाले.

"शोभतं का तुम्हाला? पाहुण्यांना फसवता? पळणं बंद, दोन महिने, म्हणून लिहिता, आणि ती पोरगी चाळीस मिनिटं खेळते?"

मी काही बोलायच्या आत बापू कठड्यावरून उतरले. गुरांच्या दवाखान्यातला तो म्हातारा त्या धिप्पाड माणसासमोर छाती काढून उभा राहिला. "मास्तर," ते म्हणाले, "या बोर्डावर खोटं लिवत न्हाईत. दोन म्हैनं ठनठनीत म्हनून खोटं लिवलं व्हतं, ते मी लिवाय लावलं व्हतं. कालचं एक अक्षर बी खोटं न्हाई. या माज्यासंगं."

बास्केटच्या खांबाशी इंदू जमिनीवर बसली होती. तिला उठता येत नव्हतं. नसरीन तिची पट्टी सोडत होती. पट्टीचा शेवटचा वेढा निघाला तसे सर जिथे होते तिथेच थांबले. मग मफलर सोडून त्यांनी आपल्या पोरींना हाक मारली आणि स्वतःच्या संघाची बर्फाची पेटी आणायला सांगितली. बर्फ मफलरमध्ये बांधून त्यांनी स्वतः खाली बसून तो तिच्या गुडघ्यावर धरला. "बाळ," ते म्हणाले, "माझ्या पोरींना मी उद्या तुझ्याबद्दल सांगीन."

फडतरे सरांनी माईकवरून नावं वाचली. कोल्हापूरच्या चार, सांगलीच्या दोन, इतर कॉलेजांच्या पाच. आमच्या कॉलेजचं एक, नसरीन मुल्ला. यादी संपली. नसरीन रडायला लागली, आनंदानं की कशानं, तिचं तिलाच कळेना. ती इंदूला म्हणत होती, "तुझं नाव पाहिजे होतं, तुझं," आणि इंदू तिला दरडावत होती, "मनगट नीट कर आधी. पाच दिवस म्हनून लिहिलंय बोर्डावर."

शेटेमामांनी दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली. बापू पुढे ड्रायव्हरशेजारी चढले. मी आणि इंदू मागे, तिचा पाय माझ्या मांडीवर. रिक्षा फाटकातून बाहेर पडली आणि मला राहवेना.

"मी लिहिलं नसतं तर तू संघात असतीस," मी म्हणाले.

"आन् आपुन हारलो असतो."

"पण तू असतीस."

तिनं डोळे मिटून घेतले होते. रिक्षा खड्ड्यात आदळली तशी तिनं माझा हात घट्ट धरला आणि कळ ओसरेपर्यंत सोडला नाही. मग म्हणाली, "कालिंदी, आगं, तीन वर्सं मला मैदानात कदी एकटं सोडलं न्हाई कुनी. आज पयल्यांदा बास्केट नीट दिसली." तिनं डोळे उघडले. "किती झाले माझे?"

स्कोअरशीट मी बघितलं होतं. "सत्तावीस."

"पन्नासातले?"

"पन्नासातले सत्तावीस."

"उभ्या जागी," ती म्हणाली. पुढे बसलेल्या बापूंची पाठ हलली, पण ते वळले नाहीत.

"परत सांग," इंदू म्हणाली.

"सत्तावीस."

"मोठ्यानं सांग की. बापूंना ऐकू गेलं न्हाई."